लेस्लीचा मटन पाय

जूचंद्र, ११ नोव्हेंबर २०२४

लेस्ली,

पाकिटावर माझं नाव मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. न उघडता परत पाठवायचं असेल तर तुला सोपं जावं. उघडलं असशील तर निदान हे पान पुरतं वाच.

तुझा पत्ता तुझ्या पुतण्यानं, केविननं दिला. परवा वसईच्या बाजारात भेटला. मी नंबर मागितला तर म्हणाला, "अंकलना फोनवर काहीच ऐकू येत नाही. कानाचं मशीन लावतात आणि चिडून काढून ठेवतात. पत्र लिहा. पत्र वाचतात ते." देवळालीला लेकीकडे असतोस हेही त्यानंच सांगितलं. तू वसई सोडलीस ते मला आधीच कळलं होतं. बेकरीच्या काउंटरमागे तू दिसेनासा झालास, त्याला आता नऊ वर्षं झाली. मी समोरच्या फुटपाथवरून जायचो. तू पाहायचास की नाही, माहीत नाही.

काम असं आहे. एव्हरशाईन सिटीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्हा माजी सैनिकांची दर महिन्याला बैठक असते. वीस-बावीस जण येतात. त्यातले सात आपल्या पलटणीचे. पेन्शन, गुडघे आणि कॅन्टीनचं कार्ड एवढे विषय संपले की गाडी जेवणावर येते. काल सिग्नलवाला वाघमारे म्हणाला, "खाली उतरलं की मोमो मिळतात, शोरमा मिळतो, चायनीजच्या सहा गाड्या उभ्या असतात. पण साधं कस्टर्ड कुणी देईल तर शपथ!"

मग जो तो सुरू झाला. टोमॅटो सूप आणि वर तळलेल्या पावाचे तुकडे. कटलेट. आयरिश स्ट्यू. जॅम लावून गुंडाळलेलं ते पुडिंग, जे तू फडक्यात बांधून वाफवायचास. ज्या उकडलेल्या भाज्यांना तेव्हा सगळे नावं ठेवायचे, त्यांचीसुद्धा आठवण निघाली. गंमत बघ लेस्ली, यातलं निम्मं आपल्यासाठी नव्हतंच. इंग्रज गेला, पण ऑफिसर मेसमध्ये त्याचं जेवण मागे राहिलं. आपण ते शिजवलं, वाढलं, ताटं उचलली आणि किचनच्या मागच्या पायरीवर बसून उरलेलं खाल्लं. फक्त बडाखान्याला, साहेब आणि जवान एका मांडवात जेवायचे तेव्हा, ते सगळ्यांच्या ताटात गरम पडायचं. वर्षातून दोनदा. तरी काल सगळे असे बोलत होते, जणू आईच्या हातचं आठवतंय.

सुभेदार आत्मारामसाहेब तुला आठवत असतील. चंदनसारला त्यांच्या मुलीकडे, मीराकडे असतात. जूनमध्ये अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं. मऊ आणि पातळ तेवढंच उतरतं. मीरा काल बैठकीला येऊन सांगून गेली, "बाबा काही म्हणजे काही मागत नाहीत. एकच म्हणतात, बळीरामचा मटन पाय पुन्हा एकदा खायचाय."

बळीरामचा. सगळे तसंच म्हणतात.

तेव्हा असं ठरलं आहे की पाच जानेवारीला हॉलमध्ये छोटा बडाखाना करायचा, साहेबांना गाडीनं आणायचं आणि पाय मी करायचा. मी हो म्हणून बसलो आहे. मला तो येत नाही, हे तुला माहीत आहे. मी कांदे चिरायचो, खिमा परतायचो आणि भट्टी पेटवायचो. पीठ तू मळायचास, माझ्याकडे पाठ करून.

तर कसं करायचं ते लिहून पाठव. मैदा किती, चरबी कोणती, भट्टी किती तापवायची. पठाणकोटला जे झालं त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. अडतीस वर्षं झाली. दोघेही म्हातारे झालो.

बळीराम भोईर


जूचंद्र, २७ नोव्हेंबर

लेस्ली,

उत्तर आलं नाही. पाकीटही परत आलं नाही, म्हणून पुन्हा लिहितो आहे.

गेल्या रविवारी घरी एक करून पाहिला. मोबाईलवर एक गोरी बाई करून दाखवते, तिचं बघून. बायकोला, बायजाला आधी सांगितलं होतं की मटन पाय करतोय. तिनं सकाळीच सुनेला पाठवून बकऱ्याचे चार पाय आणवले आणि चुलीवर भाजून साफ करून ठेवले! मी म्हणालो, अगं, हा तो पाय नव्हे. पाई, पाय, इंग्रजी नाव आहे ते. ती म्हणाली, "मंग यात पाय कुठं हाय? खिम्यावर चपाती झाकून ठेवली नि म्हनं पाय."

तुला आठवतं? पहिल्या बडाखान्याला सगळे जवान नळी चोखायच्या तयारीनं बसले होते. तू परात घेऊन मांडवात आलास, वरचं सोनेरी झाकण सुरीनं फोडलंस, वाफ बाहेर आली आणि वास सुटला. मग कुणी पायाबद्दल विचारलं नाही.

माझं झाकण काही फुटलं नाही. सुरी टेकवली तर सगळंच आत धसलं. खालून ओला गोळा, वरून भाकरी. नातवंडांनी सॉस घालून खिमा खाल्ला आणि पीठ बाजूला काढलं. बायजानं संध्याकाळी खरोखरच्या पायांचा रस्सा केला.

तू सांगायचास की हे तुला वडिलांनी शिकवलं. लढाईच्या काळात ते देवळालीला गोऱ्या शिपायांच्या कॅन्टीनमध्ये होते, रोज दोनशे पाय भाजायचे, आणि जहाजाची वाट बघत बसलेली ती पोरं पहिला घास खाऊन रडायची. मला तेव्हा ते खोटं वाटायचं. खाण्यानं कोण रडतं? आता कस्टर्डचं नाव घेताना वाघमारेचा आवाज भरून आलेला मी ऐकला आहे.

परवा चंदनसारला जाऊन साहेबांना भेटून आलो. हाडं राहिली आहेत. आवाज म्हणजे नुसती हवा, जवळ कान न्यावा लागतो. पण डोकं अजून परेडच्या मैदानावर आहे. माझा हात धरून म्हणाले, "मेस त्या लेस्लीकडून गेली आणि तुझ्याकडे आली, बरं झालं. त्यानं पलटणीचं नाक कापलं."

मी म्हणालो, "साहेब, पाय तर लेस्लीच करायचा."

"बिघडला तो त्याचा," साहेब म्हणाले. "बाकीचे तुझे."

मीरा चहा घेऊन आली. मी चहा प्यालो.

हे तुला कळवायलाच हवं होतं असं नाही. पण कळवलं. तुझ्यानंतर मेसमध्ये पाय पुन्हा झालाच नाही, तशी वरून ऑर्डरच होती. मेस मात्र मी पुढे सात वर्षं सांभाळली, म्हणून लोकांच्या आठवणीत सगळंच माझ्या नावावर जमा झालं. मी कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. त्या दिवशी खिमा आत ठेवायला माझ्याकडून जरा उशीर झाला होता, एवढं मी मान्य करतो.

कृती पाठव. साहेबांसाठी तरी.

बळीराम


जूचंद्र, ८ डिसेंबर

लेस्ली,

"जरा उशीर" हे मी मागच्या पत्रात लिहिलं आणि पत्र पेटीत टाकल्यापासून मला बरं वाटत नाही. आज सगळं लिहितो. कृती पाठवलीस, नाही पाठवलीस, तरी हे पत्र तुझ्याकडे असू दे.

मे महिना होता. दुसऱ्या दिवशी पलटणीचा स्थापना दिवस, चाळीस पाहुणे, जनरलसाहेब सपत्नीक. तू दुपारी तीनला खिमा शिजवून उतरवलास. मोठ्या पातेल्यात होता. तू म्हणालास, "बळी, निवला की बर्फाच्या पेटीत ठेव. विसरू नको. मी बाजारातून अंडी घेऊन येतो." मी हो म्हणालो.

चारला डाक आली. घरून पत्र होतं, मुलगी झाली म्हणून. ऋतिका. पत्र बावीस दिवस जुनं होतं, म्हणजे मी बावीस दिवस बाप होतो आणि मला पत्ताच नव्हता. मी तसाच निघालो. कॅन्टीनमधून पेढे घेतले, लाईनमध्ये वाटले, पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मग मैदानावर सिनेमा होता, तिथं ओढून नेलं. मी परत आलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. पातेलं ओट्यावर तसंच. पठाणकोटचा मे. रात्रीसुद्धा बाहेर गरम लू चालली होती. मी झाकण काढून पाहिलंसुद्धा नाही. उचललं आणि पेटीत ठेवलं. तू झोपला होतास. सकाळी तू विचारलंस, "ठेवला होतास ना?" मी म्हणालो, "ठेवला होता."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच इतकी वर्षं मी ते मनात म्हणू शकलो.

अकरा जण आजारी पडले. जनरलसाहेबांच्या बाई दोन दिवस इस्पितळात होत्या. चौकशी लागली. कर्नलसाहेब मध्ये, शेजारी आत्मारामसाहेब, तेव्हा ते नायब सुभेदार होते, सगळं लिहून घेत होते. कर्नलसाहेबांनी विचारलं, "खिमा रात्रभर कुणाच्या ताब्यात होता?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत राहिलो. मुलगी महिन्याचीही झाली नव्हती. नोकरी गेली तर खाडीकाठची खारी जमीन आणि मिठागरात मजुरी, दुसरं होतं काय? हे मी तेव्हा विचारात घेतलं असं आता वाटतं. खरं सांगायचं तर तेव्हा काहीच विचार केला नाही. फक्त घाबरलो.

मग तू म्हणालास, "मेस माझी आहे, साहेब."

तुझी लान्स नाईकची फीत काढली. चौदा दिवस क्वार्टर गार्डच्या कोठडीत ठेवलं. नंतर तुला पार लडाखला, डाळ-भाताच्या लंगरवर पाठवलं. मला मेस मिळाली, पुढे हवालदार झालो. तुझ्यासारखा पाय करणारा दुसरा माणूस मी सगळ्या नोकरीत पाहिला नाही, आणि तुला डाळ ढवळायला बसवलं माझ्यामुळे.

मी माफी मागतो. फार उशिरा मागतो आहे.

बळीराम


देवळाली, १७ डिसेंबर २०२४

बळीराम,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. हात थरथरतो, म्हणून हळू लिहितो. लेक म्हणाली मी लिहून देते. मी नको म्हणालो.

तू समजतोस तेवढा मी साधू नाही. त्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली, पातेल्याचं झाकण काढलं, आणि मला कळलं. वास फार नव्हता, पण होता. माझ्या नाकाला नाही कळणार तर कुणाला? दहा वाजले होते. चाळीस माणसं एक वाजता बसायची होती. दुसरं मटण आणायला वेळ नव्हता. खिमा फेकला असता, तर मला जाऊन साहेबांना सांगावं लागलं असतं की पाय होणार नाही, आणि त्या दिवशी माझ्या अंगात फार घमेंड होती. मी मिरी वाढवली, जायफळ घातलं, सॉसची अख्खी बाटली ओतली आणि भट्टीत सारला. जनरलच्या बाईला पहिला तुकडा माझ्या हातानं दिला. तिनं हसून थँक यू म्हटलं.

म्हणून "मेस माझी आहे" म्हणालो. ते खरंच होतं. फीत गेली ती बरोबर गेली. हे मी फक्त चर्चमध्ये, कन्फेशनला सांगितलंय. आता तुला.

तू चुकलास ते तिथं नाही. तुला वाटतं चौकशीत तू गप्प बसलास म्हणून मी बोलणं सोडलं. नाही रे. क्वार्टर गार्ड किचनपासून किती लांब होतं? दोनशे पावलं. मी मोजलेली आहेत. चौदा दिवस माझं जेवण तुझ्याच किचनमधून यायचं. आणणारा रोज दुसराच असायचा. दार वाजलं की मी उठून बसायचो. पहिले तीन-चार दिवस मला वाटलं तुला येऊ देत नसतील. मग गार्डच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, मनाई नाही, कुणीही भेटू शकतं.

तू आला असतास आणि एक शब्द बोलला नसतास, नुसता जाळीबाहेर उकिडवा बसला असतास तरी झालं असतं. मी तुला वास आल्याचं सांगितलं असतं. आपण दोघांनी शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. चौदा दिवस तू आला नाहीस. मग वीस वर्षं बेकरीसमोरच्या फुटपाथवरून गेलास. हो, मी पाहायचो.

आता कृती. नीट वाच.

एक किलो मैदा, अर्धा किलो डालडा. लोणी नको, ते साहेब लोकांचं कौतुक. डालडा दगडासारखा थंड पाहिजे. बोटांच्या टोकांनी मैद्यात चुरायचा, तळवा लावायचा नाही, तळवा गरम असतो. रव्यासारखं झालं की बर्फाचं पाणी, थोडं थोडं. पीठ जेमतेम एकत्र आलं की थांब. तू मळत बसला असशील चपातीसारखं, म्हणून भाकरी झाली. मळायचं नाही. ओल्या फडक्यात दोन तास थंडीत ठेव.

खिमा पूर्ण गार झाल्याशिवाय त्यावर झाकण घालायचं नाही. गरम खिम्यानं पीठ पाघळतं. भांड्याच्या मधोमध अंड्याचा छोटा कप उलटा ठेव, तो झाकणाला तोलून धरतो. वर दोन चिरा पाड, वाफ जायला. अंडं फासून कडक भट्टीत वीस मिनिटं, मग आच कमी करून पाऊण तास.

मसाल्यात कांदा, मिरी, तमालपत्र, चिमूटभर जायफळ, सॉस. आलं-लसूण अजिबात नाही. तुला घालावंसं वाटेल, घालू नको.

आत्मारामसाहेबांना आतला रस्सा आणि त्यात भिजलेलं झाकण कुस्करून दे. ते गिळता येईल.

त्यांना काय सांगायचं ते तू बघ.

लेस्ली


जूचंद्र, ६ जानेवारी २०२५

लेस्ली,

पाय झाला. तीन परातींत केला, सोसायटीच्या खालच्या केकवाल्याच्या ओव्हनमध्ये भाजला. आलं-लसूण घातलं नाही. बायजा दोनदा विचारून गेली, "खरंच नाय घालत? मंग चव कशाची लागंल?" डालडा रात्रभर फ्रीजमध्ये होता. बोटं बधिर झाली तरी तळवा लावला नाही. झाकण फुगून वर आलं, कडेनं रस्सा उकळून बाहेर आला, आणि हॉलमध्ये आणलं तेव्हा सगळे खुर्च्या मागे सारून उभे राहिले. वाघमारेनं सॅल्यूट ठोकला. परातीला.

साहेबांना मीरा आणि तिचा नवरा खुर्चीसकट उचलून घेऊन आले. ब्लेझर घातला होता, छातीवर मेडल. ब्लेझरमध्ये साहेब शोधावे लागत होते.

मी ठरवलं होतं की आधी जेवू द्यावं आणि मग सांगावं. पण साहेबांनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि मीराच्या कानात बोलले. ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा म्हणतात, बळीरामकाकांच्या हाताला सलाम." लोक टाळ्या वाजवायला लागले. आता नाही बोललो तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे मला कळलं.

मी म्हणालो, "थांबा. हा पाय लेस्ली डाबरेचा आहे. त्यानं देवळालीहून कृती लिहून पाठवली, तेव्हा झाला. बडाखान्याला तुम्ही जे पाय खाल्ले ते सगळे त्याचे होते. आणि स्थापना दिवसाला बिघडला, तो माझ्यामुळे. खिमा मी साडेसहा तास उघड्यावर ठेवला होता. चौकशीत मी गप्प बसलो. त्याची फीत गेली आणि मेस मला मिळाली."

तुझा वाटा मी सांगितला नाही. तो तुझा आहे, तुला वाटलं तर तू सांगशील.

वाघमारे म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आपण लेस्लीला नावं ठेवत होतो?"

"हो," मी म्हणालो.

"आणि तू शेजारी बसून ऐकत होतास?"

"हो."

त्यानं ताट खाली ठेवलं आणि बाहेर निघून गेला. आणखी एक जण त्याच्या मागे गेला. बाकीचे माझ्याकडे न बघता परातीकडे बघत होते. बायजा दाराशी उभी होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. माझ्याकडे तिनं असं पाहिलं की मी मान खाली घातली.

साहेबांनी बोटानं जवळ बोलावलं. मी वाकलो. म्हणाले, "आधी वाढ. गार होतंय."

मी रस्सा वाढला, झाकण कुस्करून घातलं, तू लिहिलंस तसं. मीरा चमच्यानं भरवायला गेली तर त्यांनी चमचा स्वतःच्या हातात घेतला. सहा चमचे खाल्ले. मीरा मोजत होती, म्हणाली, ऑपरेशननंतर एवढं एका वेळी कधीच उतरलं नव्हतं. चौथ्या चमच्याला त्यांचे डोळे भरले. ते खाण्यानं की गिळताना दुखत होतं म्हणून, मी विचारलं नाही.

मग पुन्हा कान मागितला. "लेस्लीला सांगितलंस?"

"पत्रं लिहिली साहेब. तीन."

"पत्रं?" साहेब म्हणाले. त्या हवेच्या आवाजातही ते ओरडलेलं कळलं मला. "देवळाली काय काश्मीर आहे?"

मी त्यांच्या ब्लेझरवर सांडलेला रस्सा पुसला.

"माझे पाय चालत असते तर मी गेलो असतो," ते म्हणाले. "मीही त्याला दोन शब्द देणं लागतो. तू तर धडधाकट आहेस."

वाघमारे अजून बोलत नाही. आज सकाळी फोन केला, उचलला नाही. उचलेल किंवा नाही. बायजा बोलते आहे, पण कामापुरतंच. काल घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "त्या मान्साला भेटायला कधी गेलाच नाय तुमी?" मी नाही म्हणालो. ती आत गेली आणि माझी कपड्यांची पिशवी काढून खाटेवर ठेवली.

तर लेस्ली, हे पत्र बुधवारपर्यंत तुला मिळेल असं पोस्टातल्या बाईंनी सांगितलं आहे. मी गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघतो. तुझ्या दारात दुपारी पोचेन. तुला बेल ऐकू येणार नाही, आणि आली तरी तू उघडशीलच असं मी धरून चाललेलो नाही. मी बाहेर पायरीवर बसतो. लेकीला सांगून ठेव, म्हातारा कोण म्हणून घाबरेल ती.

परतीचं तिकीट काढलेलं नाही.

बळी